फेकायची मासळी

जहाज धक्क्याला लागू शकत नव्हतं, त्यामुळे नारळ कशावर फोडायचा हा प्रश्न सकाळी साडेनऊला उभा राहिला. पाहुणे मुंबईहून आले होते, मांडव घातला होता, सनईची कॅसेट दोनदा वाजून झाली होती, आणि ज्याचं स्वागत करायचं ते परदेशी जहाज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून बरंच बाहेर, खोल पाण्यात, आमच्याकडे पाठ करून उभं होतं. शेवटी कुणाची तरी होडी धुऊन पुसून पुढे आणली आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फुटला. त्या होडीचा या योजनेशी काही संबंध नव्हता. तिचा मालक मात्र पुढे वर्षभर सांगत होता की आपल्या होडीचं उद्घाटन मोठ्या माणसाच्या हातून झालं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. खोल समुद्रात जाऊन मासे पकडणं हे देशाच्या प्रगतीचं लक्षण आहे, असं त्या वर्षांत आम्हांला वारंवार सांगितलं जाई. पाहुण्यांनीही ते सांगितलं. समुद्राच्या उदरातली संपत्ती त्यांच्या भाषणात सात-आठ वेळा आली. मुंबईच्या एका कंपनीनं पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातून हे जहाज माणसांसकट भाड्यानं आणलं होतं. ते ट्यूना पकडणार होतं, आणि आपली माणसं त्याच्यावर जाऊन विद्या शिकणार होती. ट्यूना म्हणजे आमचा कुप्पा. रत्नागिरीत सुरमई परवडली नाही, पापलेट मिळालं नाही आणि बांगडाही आला नाही, की माणूस कुप्प्याकडे वळतो, आणि घरी जाताना पिशवीचं तोंड हातानं बंद धरतो. त्याच्यासाठी एवढं पोलादी जहाज समुद्र ओलांडून आलं, हे ऐकून मांडवातली माणसं एकमेकांकडे बघत होती. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा.

मी तेव्हा मासेमारीशी संबंधित एका सरकारी कचेरीत कारकून होतो. वाचनालयातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा मला नाद होता आणि तो कचेरीत सर्वांना ठाऊक होता. त्याची शिक्षा म्हणून निरीक्षक या नात्यानं दहा दिवस त्या जहाजावर जाण्याचा हुकूम निघाला. माझ्याबरोबर एक छापील तक्ता दिला. रोज कोणता मासा किती मिळाला ते त्याच्यात भरायचं होतं.

विद्या शिकायला निघालेली आपली माणसं म्हणजे प्रत्यक्षात एकच माणूस होता. पन्नाशीचा तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, पण त्याच्याजवळ आता बोट नव्हती. दोन वर्षांपूर्वी वादळात ती खडकावर फुटली होती, आणि तेव्हापासून तो दुसऱ्याच्या बोटीवर साधा खलाशी म्हणून जात असे. त्या बोटीचा तांडेल त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता. तो आता याला 'ए मामा, दोर सोड' म्हणून हुकूम करायचा. मामा दोर सोडायचा. या सफरीत कप्तानाला काम पसंत पडलं आणि त्यानं कागदावर सही केली, तर कंपनी तांडेलाला कायम ठेवणार होती. त्याच्या बायकोनं ते सगळ्या वाडीत सांगून टाकलं होतं, म्हणजे परत फिरण्याची वाट तिनंच बंद केली होती.

लाँचमधून जहाजाकडे जाताना त्यानं मांडीवर एक जड पिशवी धरली होती.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"मीठ."

"समुद्रात मीठ कमी आहे का, मामा?"

"ते त्याचं, भाऊसाहेब. हे आपलं."

पहिले दोन दिवस मी ज्या अवस्थेत होतो तिचं वर्णन कादंबऱ्यांत कुठं नीट केलेलं नाही. तिसऱ्या दिवशी उठून डेकवर आलो तेव्हा दोर सोडण्याचं काम चाललं होतं. जाळं नव्हतंच. एक लांब दोर, त्याला ठरावीक अंतरानं लोंबणाऱ्या दोऱ्या, प्रत्येक दोरीला गळ, आणि मधे मधे तरंगणारे गोळे. जहाज पुढे जात होतं आणि दोर मागे सुटत होता. मी चहा घेऊन आलो, दाढी करून आलो, पुन्हा येऊन बसलो, तरी तो सुटतच होता. जहाजावरच्या दुय्यम अधिकाऱ्याला इंग्रजीचे दीडदोनशे शब्द येत, त्यातले निम्मे शिव्यांचे. त्याला मी लांबी विचारली. त्यानं सांगितलेला आकडा मी मनात जमिनीवर मांडून पाहिला. रत्नागिरीहून संगमेश्वरापर्यंत दोर टाकत जायचं आणि तसंच टाकत परत यायचं, एवढा तो दोर होता.

मी ते तांडेलाला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. दोराच्या लांबीबद्दल तो नंतरही वाद घालत राहिला, पण त्या सकाळी त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. गळाला लावायला खोक्यांतून जे काढत होते ते गोठवलेले अख्खे बांगडे होते.

"भाऊसाहेब, विचारा त्यांना. बांगडा टाकायचा आणि कुप्पा घ्यायचा?"

मी विचारलं. अधिकाऱ्यानं होकारार्थी मान हलवली.

"ह्यांना कोणी शिकवला धंदा?" तांडेल म्हणाला, आणि बांगडा गळाला लावू लागला. त्याचा हात असा चालत होता की शेजारचे दोघे आपलं काम थांबवून बघत राहिले.

दुपारनंतर दोर ओढायला घेतला. इथून पुढचं मी आजवर दोन-तीनदाच कुणाला सांगितलंय, कारण सांगताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ओळखीचं आहे. माझ्या चेहऱ्यावर तेच आलं असणार.

कुप्पा वर आला तो आमच्या बाजारातला नव्हता. माझ्या छातीएवढा, निळा, तुकतुकीत. दोन माणसांनी तो आकड्यांनी आत घेतला, तिसऱ्यानं त्याच्या डोक्यात टोकदार सळई घातली, मग त्या भोकातून एक बारीक तार कण्यात सरकवली. मासा एकदम शांत झाला. हे सगळं इतक्या नाजूकपणे चाललं होतं की एखाद्या आजाऱ्याची शुश्रूषा करताहेत असं वाटावं. रक्त काढलं, पोट साफ केलं, कापडानं पुसला, आणि कोठीत उतरवला. कोठीचं झाकण उघडलं की आतून पांढरा धूर यायचा. तलवारीसारखं तोंड असलेला एक प्रचंड मासा आला, त्याची तलवार करवतीनं कापून बाजूला टाकली, डोकं पाण्यात टाकलं, धड कोठीत.

मग मुशी आली, शार्क. पुरुषभर लांब. तिचे पाठीवरचे आणि कुशीचे पर सुरीच्या चार फटक्यांत उतरवून ठेवले आणि बाकीची मुशी तशीच समुद्रात ढकलली. ती जिवंत होती. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाण्यात तिला तोल सावरता येत नव्हता. ती लाकडाच्या ओंडक्यासारखी गोल फिरत खाली गेली. मी मासे खाणाऱ्या घरातला. मासळीबाजारात कोयत्याखाली काय होतं ते लहानपणापासून पाहिलेलं. पण तिथं मासा मरतो आणि मग कुणीतरी तो खातं. इथं दोन्हींपैकी काहीच नीट होत नव्हतं.

त्यानंतर जी मासळी आली तिच्याकडे तर सुरीसुद्धा वळली नाही. अंगावर पट्टे असलेले, हातभर-दोन हात लांब, सुरमईच्या जातीचे मासे. तांडेल म्हणाला सुरमईच. बारके कुप्पे, मोठमोठ्या चपट्या पाकटी, आणि नावं माहीत नसलेली कितीतरी मासळी. गळ काढायचा आणि पायानं कठड्याच्या फटीतून बाहेर. बरीचशी मेलेली होती. कोठीत जागा मोजकी, ती महागड्या मासळीसाठी, असं अधिकाऱ्यानं मला समजावलं. त्याला यात समजावण्यासारखं काही आहे याचंच नवल वाटत होतं.

पहिली सुरमई अशी बाहेर गेली तेव्हा तांडेल काम करत होता तिथंच थबकला. त्याला वाटलं, पाय चुकून लागला. दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून तक्ता उघडला. त्यात मिळालेल्या मासळीचे रकाने होते. फेकलेल्या मासळीसाठी रकाना नव्हता. तक्ता मुंबईत कुठंतरी छापला होता आणि छापणाऱ्याच्या डोक्यात अशी मासळी आलीच नसावी. शेवटी 'इतर' असा एक अरुंद रकाना होता. त्याच्यात काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून मी त्या दिवशी तो कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशीपासून तांडेलानं काय केलं ते सांगतो. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काही असतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. काम संपलं की तो फटीपाशी अडकून राहिलेली मासळी गोळा करायचा. पोट फाडून, मीठ भरून, शेपटीला सुतळी बांधून वाळत घालायचा. दांडी नव्हती, पण डेकच्या वर, दोन खांबांच्या मधे तारा ताणलेल्या होत्या. उन्हात, वाऱ्यावर, मांजर नाही, कावळा नाही. सुतळी तारेवरून सरकू नये म्हणून तारेच्या टोकाला जे पांढरे चिनी मातीचे गोळे होते, त्यांच्याभोवती तो पक्की गाठ मारायचा आणि तिथून पुढे माळ ओढायचा.

"कशी जागा केलीय बघा," मला म्हणाला. "जणू वाळवायसाठीच."

त्या माळांचा वास डेकभर पसरला होता आणि खरं सांगायचं तर मला तो वास आला तेव्हा जहाजावर पहिल्यांदा बरं वाटलं. परदेशी खलाशी नाक धरून हसत. तांडेल त्यांना हातवारे करून सांगायचा, पावसाळ्यात खा, मग कळेल. कप्तान वरून बघायचा आणि काही बोलायचा नाही. कुणी काही बोलत नाही म्हणजे हे चालतं, असा याचा अर्थ आम्ही दोघांनी घेतला.

सातव्या दिवशी ओढता ओढता दोर मधेच तुटला. हे अधूनमधून होतं म्हणे. दोराला काही ठिकाणी बिनतारी यंत्राचे गोळे बांधलेले असतात, ते आवाज सोडत राहतात, आणि त्या आवाजाच्या रोखानं जहाज तुटलेला दोर शोधून काढतं. आवाज पकडणाऱ्या तारा म्हणजे डेकवरच्या त्या दोन खांबांमधल्या तारा. त्यांच्या टोकांना जे चिनी मातीचे गोळे होते ते तारेत आलेला आवाज खांबात झिरपू नये म्हणून होते, खाऱ्या ओलीतून तो झिरपतो, आणि त्यांच्यावर तीन दिवस मिठात भिजलेली सुतळी करकचून बांधलेली होती. आवाज पकडणारा माणूस कानाला यंत्र लावून बसला. त्याला खरखर ऐकू येत होती. तो बाहेर आला, वर पाहिलं, आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला.

सुतळ्या कापल्या, गोळे गोड्या पाण्यानं धुतले. तोपर्यंत दुपार टळली होती आणि प्रवाह जोरात होता. दुसऱ्या दिवशीही संध्याकाळपर्यंत शोधलं. दोर सापडला नाही.

तांडेलाला काय झालं ते मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तो दोर तिथं काय करत असंल?"

मी अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मासे पकडत असेल.

"कोण काढणार?"

कुणी नाही.

"मग बांगडे संपले की थांबंल?"

अधिकाऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, गळाला लागलेले मासे आहेत ना, त्यांना खायला दुसरे येतील. हे वाक्य मी मराठीत सांगितलं तेव्हा तांडेल खाली बसला. संगमेश्वराला जाणाऱ्या रस्त्याएवढा एक दोर, ज्याचा कुणी मालक नाही, समुद्रात आपलाआपला मारत सुटलेला. दोर किती लांब आहे याबद्दल त्यानं त्यानंतर वाद घातला नाही.

कप्तानानं आम्हां दोघांना वर बोलावलं. आरडाओरडा होईल अशी माझी कल्पना होती. आमच्या कचेरीत टाचणी हरवली तरी होतो. कप्तान साठीचा, बारीक अंगाचा माणूस होता. त्यानं हळू आवाजात अधिकाऱ्याला सांगितलं, अधिकाऱ्यानं तुटक इंग्रजीत मला, मी तांडेलाला. हा माणूस चांगला आहे. याच्यासारखा दोर ओढणारा माझ्याजवळ नाही. पण ठेवायचं ते कोठीत जातं, बाकीचं समुद्रात जातं. मधे काही नाही. हे याला जमेल का? जमलं तर मी सही करतो.

तांडेल खिडकीकडे वळला. खिडकीतून खालचा डेक दिसत होता. कापलेल्या माळा अजून तशाच एका कोपऱ्यात पडल्या होत्या.

तेवढ्या वेळात मी त्याच्या वतीनं इंग्रजीत एक उत्तर तयार केलं. ते चांगलं होतं. आम्ही गरीब असलो तरी अन्न लाथेनं ढकलत नाही, अशी सुरुवात होती. मांडवातल्या पाहुण्यांना ऐकवावं असं ते होतं. आयुष्यभर मी भाषणांना हसलो, आणि वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात भाषणच तयार झालं. फक्त ते तांडेलानं द्यायचं होतं आणि त्याची किंमतही त्यानंच भरायची होती.

"सांगा त्यांना," तांडेल म्हणाला, "फेकीन."

मी म्हटलं, "मामा, नीट विचार कर."

"तुम्ही सांगा तेवढं."

मी सांगितलं. कप्तानानं मान हलवली, पण कागद काढला नाही.

नवव्या दिवशी उरलेल्या दोरावर पुन्हा मासेमारी झाली. कप्तान त्या दिवशी वर न थांबता खाली डेकवर येऊन उभा राहिला. तिसऱ्या-चौथ्या कुप्प्यानंतर एक पट्ट्यांची सुरमई आली, माझ्या हाताहून लांब, जिवंत, उन्हात चांदीसारखी. ती तांडेलाच्या पुढ्यात आली. त्यानं गळ काढला. इतर खलाशी पायानं ढकलत. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, निदान जिवंत आहे, पोहत जाईल. पण गळ खोलवर गेला होता आणि तिचे कल्ले फाटले होते, हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. त्यानं ती कठड्यावरून टाकली आणि पाण्याकडे न बघता पुढची दोरी धरली. त्यानंतर दुसरी आली ती त्यानं एका हातानं टाकली. संध्याकाळी उन्हं उतरताना एक आली, तेव्हा त्याचे दोन्ही हात दोरात गुंतले होते. ती त्यानं पायानं सारली.

मला मुशीचं कापणं पाहून धक्का बसला होता, दोराची गोष्ट ऐकून बसला होता. पण जो बसला आणि अजून उठला नाही तो हा. दुपार ते संध्याकाळ, एवढ्यात झालं.

रात्रीच्या जेवणाआधी कप्तानानं सही केली.

दहाव्या दिवशी सकाळी जहाज रत्नागिरीच्या बाहेर थोडा वेळ थांबलं, मला उतरवण्यापुरतं. तांडेल पुढच्या सफरीवर तसाच जाणार होता. शिडीपाशी आला.

"घरी सांगा, झालं म्हणून."

"आणखी काही?"

"आणखी काय?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "मिठाची पिशवी नेता का? इथं काय करायचीय."

मी ती घेतली.

तक्त्यातल्या त्या 'इतर' रकान्याबद्दल इथंच सांगून टाकतो. मी त्याच्या समासात बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि समासात लिहायची पद्धत नाही असं म्हणाले. तक्ता पुन्हा टंकलिखित झाला. 'इतर' या रकान्यात 'निरंक' असं आलं. खाली माझी सही आहे.

धक्क्यावर लाँच लागली तेव्हा वीस-पंचवीस बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. जहाज दिसल्याची बातमी वाडीत पोचली होती, आणि एवढं मोठं जहाज दहा दिवस समुद्रावर राहून आलं म्हणजे मासळी उतरणारच, यात कुणाला शंका नव्हती. लाँचमधून एक कारकून उतरला. बायका थोडा वेळ माझ्या मागे बघत राहिल्या.

तांडेलाची बायको पुढे आली. "आमचं माणूस कुठं हाय?"

"जहाजावरच. नोकरी पक्की झाली. कप्तानानं सही दिली."

तिनं मागे वळून बाकीच्या बायकांकडे पाहिलं, म्हणजे त्यांनीही ऐकलं की नाही ते बघितलं. मग म्हणाली, "आणि मासळी?"

"मासळी नाही दिली."

"कालवणापुरती?"

कुठल्याही बोटीवरचा खलाशी घरच्या कालवणाची मासळी घेऊनच उतरतो. ती मागावी लागत नाही. मी म्हटलं, "वहिनी, तिथली रीत वेगळी आहे. मोठी मासळी गोठवून परदेशी जाते. बाकीची ते फेकून देतात."

"फेकतात म्हणजे?"

"समुद्रात. परत."

"नासलेली?"

"नाही. चांगली. सुरमई वगैरे."

कुणीतरी मागून हसलं. एक म्हातारी म्हणाली, "भाऊसाहेबांस लागली दिसते बोट." तांडेलाची बायको हसली नाही. तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, ती घेतली, चाचपली, आत मीठ आहे हे तिला हातालाच कळलं. ती जड होती, पण भरून दिली होती तेवढी नव्हती.

"मीठ तर वापरलंय," ती म्हणाली. "मग खारवलेली कुठं हाय?"

मी वळून लाँचकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, दुसऱ्याचं मी काय बोलत नाय. पण आमचं माणूस तिथं असताना सुरमई फेकली असं कोणाच्या पुढं बोलू नका. त्याच्यादेखत कोण फेकील? तो हात धरील त्याचा."

बायका ऐकत होत्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"फेकणारे ते लोक," मी म्हटलं. "तो नाही."

"मग हा काय करतो?"

"दोर ओढतो. त्याच्यासारखा दोर ओढणारा जहाजावर दुसरा नाही, असं कप्तान म्हणाला."

तेवढं खरं होतं. तिनं पिशवी रिकाम्या टोपलीत ठेवली, टोपली डोक्यावर घेतली, आणि ते वाक्य बाकीच्यांना ऐकवत ती पुढे निघाली.